व्हिडिओ कॉलवर मुंडकं गायब करायची गंमत सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि ती पडद्यावर आणणाऱ्या जादूगारानं म्हातारपणी स्टेशनवर खेळणी विकली

मित्रांचा ग्रुप कॉल चालू असतो. बोलता बोलता एक जण अचानक पुतळा होतो. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, पापणीसुद्धा हलत नाही. तुझं नेट गेलंय, बाहेर जाऊन परत ये, असा सगळ्यांचा आरडाओरडा सुरू होतो. तेवढ्यात त्याच्या मागून घरचं मांजर निवांत चालत जातं आणि पितळ उघडं पडतं. गड्याचं नेटवर्क ठणठणीत आहे, तो नुसता श्वास धरून बसलाय.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात अडकलेल्या लोकांनी असे कितीतरी उद्योग केले. एकानं आपल्या चौकटीतून पेन बाहेर ढकलायचा आणि शेजारच्या चौकटीतल्यानं दुसरा तसाच पेन आत ओढायचा. कुणी स्वतःचाच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बॅकग्राउंडला लावला आणि मग स्वतःच्याच मागून खोलीत शिरला. कुणी हिरवी ओढणी गुंडाळून धड गायब केलं आणि नुसतं डोकं हवेत तरंगत ठेवलं.

हे सगळं बघून वाटतं की स्मार्टफोन आला म्हणून हे सुचलं. पण यातली जवळपास प्रत्येक युक्ती पॅरिसमधल्या एका जादूगारानं १८९६ ते १९०२ या सहा-सात वर्षांत करून ठेवली होती. ना कॉम्प्युटर, ना ॲप, ना वीज लागणारा कॅमेरा. हँडल फिरवायचं आणि फिल्म पुढे सरकवायची, बस.

त्याचं नाव जॉर्ज मेलिएस.

तर हा मेलिएस जन्मला ८ डिसेंबर १८६१ ला, पॅरिसमध्ये. घरचा बुटांचा कारखाना, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. पोराला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांना ते अजिबात मान्य नव्हतं, कारण धंदा कोण बघणार? मग बाकी भावांसारखा तोही कारखान्यात लागला आणि तिथं यंत्रांची दुरुस्ती शिकला. बापाला वाटलं पोरगं वळणावर आलं. पण पुढे त्याच्या कामाला आलं ते बूट शिवणं नव्हे, यंत्र उघडून परत जोडायची सवय.

१८८४ मध्ये वडिलांनी त्याला लंडनला पाठवलं, इंग्रजी शिकायला आणि नोकरीचा अनुभव घ्यायला. तिथं पिकॅडिलीमध्ये इजिप्शियन हॉल नावाचं थिएटर होतं आणि मॅस्केलाइन नावाचा जादूगार तिथं रोज लोकांना वेड लावत होता. मेलिएसनं तिथं चकरा मारायला सुरुवात केली. इंग्रजी किती आलं कोण जाणे, पण परत येताना तो डोक्यात जादू घेऊन आला.

१८८८ मध्ये वडिलांनी धंद्यातून निवृत्ती घेतली. मेलिएसनं आपला वाटा भावांना विकला आणि त्या पैशातून पॅरिसमधलं रोबेर-हूदँ थिएटर विकत घेतलं. ज्याच्यावरून हूडिनी या जादूगारानं आपलं नाव घेतलं, त्या घड्याळजी जादूगाराचं हे जुनं थिएटर. साधारण दोनशे खुर्च्या, खाली चोरदरवाजे आणि आपोआप हलणाऱ्या यांत्रिक बाहुल्या. मेलिएसनं पुढच्या काही वर्षांत तिथं स्वतः रचलेले जादूचे बरेच प्रयोग लावले.

याच काळात तो एका साप्ताहिकात राजकीय व्यंगचित्रंही काढायचा. खाली सही असायची जेओ स्माइल. मेलिएसच्या नावातलीच अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं हे टोपणनाव. हे लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

२८ डिसेंबर १८९५. पॅरिसच्या ग्राँ काफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली. खास बोलावलेल्या लोकांमध्ये मेलिएस होता. पडद्यावर झाडांची पानं हलताना बघून जादूगाराचीच दांडी उडाली. खेळ संपल्या संपल्या त्यानं यंत्र विकत मागितलं, दहा हजार फ्रँक द्यायची तयारी दाखवली. ल्युमिएर बंधूंच्या वडिलांनी नकार दिला. या शोधाला धंद्याच्या दृष्टीनं काही भविष्य नाही असं त्यांनी समजावलं, असं सांगतात. जगातला सगळ्यात चुकलेला अंदाज म्हणून हा किस्सा रंगवला जातो, पण यंत्र हातचं जाऊ नये म्हणून मारलेली ती थाप असण्याचीही शक्यता बरीच आहे.

मेलिएस गप्प बसणारा नव्हता. लंडनला रॉबर्ट पॉल नावाचा कारागीर स्वतःचं प्रोजेक्टर बनवत होता, त्याच्याकडून एक विकत आणलं. मग ते खोललं, आतली रचना समजून घेतली आणि उलट्या दिशेनं विचार करून त्याचा कॅमेरा बनवला. बुटाच्या कारखान्यातले दिवस इथं कामाला आले.

आता येते ती प्रसिद्ध गोष्ट. मेलिएस पॅरिसच्या ऑपेरा चौकात शूटिंग करत होता. मध्येच फिल्म अडकली. ती मोकळी करून परत हँडल फिरवायला एखादा मिनिट गेला. कॅमेरा जागचा हलला नव्हता, पण रस्त्यावरची रहदारी पुढे गेली होती. फिल्म धुऊन पडद्यावर लावली तर घोड्यांची बस चालता चालता एकदम शववाहिका झाली आणि पुरुषांच्या बायका झाल्या.

ही गोष्ट खुद्द मेलिएसनं सांगितलेली आहे. माणूस जादूगार, त्यामुळे थोडं मीठमसाला लावलेलं असणार हे अभ्यासकही मानतात. शिवाय कॅमेरा थांबवून माणूस बदलायची युक्ती त्याच्याआधी, १८९५ मध्ये, अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं राणी मेरीचं मुंडकं उडवायच्या फिल्ममध्ये वापरली होती. म्हणजे शोध त्याचा एकट्याचा नाही. पण एडिसनच्या माणसांनी ती एकदा वापरली आणि सोडून दिली. मेलिएसनं तिच्यावर अख्खा कारखाना उभा केला.

१८९६ मध्येच त्यानं गायब होणाऱ्या बाईची फिल्म केली. हा प्रयोग स्टेजवर आधीपासून गाजलेला होता. बाई खुर्चीवर बसते, अंगावर कापड टाकतात, ती चोरदरवाजातून खाली जाते. फिल्ममध्ये ती झेह्न दाल्सी नावाची अभिनेत्री होती. मेलिएसला इथं चोरदरवाजा लागलाच नाही. कॅमेरा थांबवला, बाईला उठवलं, परत चालू केला. आणि स्टेजवर जे कधीच जमलं नसतं ते त्यानं वर केलं, बाईच्या जागी सांगाडा बसवला.

आज रील्समध्ये टाळी वाजवली की कपडे बदलतात, ती हीच युक्ती. तिची अट एकच, कॅमेरा केसभरही हलता कामा नये. म्हणून हातात फोन धरून केलेली ही रील फसते आणि फोन पोह्याच्या डब्याला टेकवून केलेली जमते. थेट कॉलवर मात्र कॅमेरा थांबवायची सोय नाही. तिथं मेलिएसच्या दुसऱ्या युक्त्या लागतात, आणि त्या जास्त भारी आहेत.

१८९७ मध्ये त्यानं पॅरिसजवळ माँत्रय गावी, घराण्याच्या जमिनीवर, काचेचा स्टुडिओ बांधला. छत काचेचं, भिंती काचेच्या, कारण प्रकाश फक्त सूर्याचा. आतला मंच त्याच्या थिएटरच्या मंचाएवढा. पडदे, कपडे, सामान, सगळं करड्या रंगाच्या छटांमध्ये रंगवलेलं असायचं, कारण त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळाकुट्ट उमटायचा. लेखक तो, दिग्दर्शक तो, नेपथ्यकार तो आणि बहुतेक वेळा हिरोही तोच.

१८९८ ची चार मुंडक्यांची फिल्म बघा. एक मिनिटाची आहे, नेटवर सहज मिळते. मेलिएस येतो, स्वतःचं डोकं उपटून टेबलावर ठेवतो. खांद्यावर नवीन डोकं उगवतं. तेही उपटतो. असं करत टेबलांवर तीन आणि खांद्यावर एक, अशी चार डोकी होतात. मग तो बँजो वाजवायला घेतो आणि बाकीची डोकी गायला लागतात. त्यांच्या गाण्याला वैतागून तो दोघांच्या डोक्यात बँजोच हाणतो.

हे कसं केलं? काळा रंग फिल्मवर काहीच छापत नाही. ती जागा कोरी राहते. म्हणून मागचा पडदा काळा ठेवायचा. धड काळ्या कापडानं झाकून नुसतं डोकं चित्रित करायचं. मग तीच फिल्म मागे फिरवून, कोऱ्या राहिलेल्या जागेत पुन्हा चित्रण करायचं. आपण कॉलवर हिरवी ओढणी गुंडाळून धड गायब करतो ते वेगळं काही नाही. सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं की जे हिरवं दिसेल तिथं मागचं चित्र भर. मेलिएसला फक्त काळा रंग हाताशी होता.

ज्यांच्या फोनमध्ये असलं काही नाही त्यांच्यासाठी मेलिएसची मूळ पद्धतही चालते. खोलीत अंधार, मागे काळी चादर, अंगात पूर्ण बाह्यांचा काळा टीशर्ट आणि फक्त चेहऱ्यावर उजेड. समोरच्याला तरंगणारं डोकंच दिसतं. आजीला मात्र रात्री अकराला असला कॉल करू नये.

१९०० मध्ये त्यानं हे सात पट वाढवलं. सात खुर्च्या, सात वादक आणि सातही मेलिएस. म्हणजे एकच फिल्म सात वेळा कॅमेऱ्यातून गेली. प्रत्येक वेळी कुठं बसायचं, कधी मान वळवायची, शेजारच्या न दिसणाऱ्या स्वतःकडे कधी बघायचं, याचं गणित डोक्यात ठेवायचं. सातव्या फेरीत चूक झाली तर आधीच्या सहा फेऱ्या पाण्यात. अनडू नावाचं बटण यायला अजून बरीच दशकं होती.

पण त्याची सगळ्यात हुशार युक्ती १९०१ ची. रबरी डोक्याचा माणूस. टेबलावर एक डोकं आहे, मेलिएस त्याला भात्यानं हवा भरतो आणि ते फुगत फुगत प्रचंड होतं. मग मदतनीस जरा जास्तच हवा भरतो आणि डोकं फुटतं. यात फुगत काहीच नाही. मेलिएस एका गाडीवर बसला होता आणि ती गाडी उतारावरून कॅमेऱ्याच्या दिशेनं ओढली जात होती. जवळ आलं की मोठं दिसतं, इतकं साधं. उतार यासाठी की डोकं मोठं होताना मान टेबलावरच टेकलेली दिसावी. मागे परत काळा पडदा, म्हणजे डोळ्याला अंतराचा अंदाज घ्यायला काही खूणच नाही.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. त्याला जवळचं लहान आणि लांबचं मोठं यातला फरक कळत नाही. म्हणून कॉलवर एकानं फोनजवळ तळहात धरला आणि दुसरा खोलीच्या टोकाला उभा राहिला की तो तळहातावर उभा दिसतो. जमिनीची रेषा दिसली की फसतं, म्हणून पायाखालची फरशी हातानं झाकायची. कॉलवरच्या सगळ्या युक्त्यांमध्ये हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची आहे.

१९०२ हे मेलिएसचं वर्ष. चंद्रावरची सफर ही त्याची फिल्म तेव्हा आली. चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं यान तुम्ही मीम्समध्ये बघितलं असेल, ते इथलं. साधारण दहा हजार फ्रँक खर्च, तीन महिने काम. चंद्र जवळ येताना दिसतो त्यात रबरी डोक्याचीच युक्ती आहे, माणसाऐवजी चंद्र पुढे ओढलाय. काही प्रतींवर बायकांच्या एका कारखान्यात प्रत्येक चौकट ब्रशनं हातानं रंगवली गेली.

त्याच वर्षी त्यानं अजून एक कारभार केला, ज्याला आज आपण डीपफेक म्हणू. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक व्हायचा होता आणि चर्चमध्ये कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. मेलिएसनं सोहळा व्हायच्या आधीच तो माँत्रयमध्ये उभा केला. राजाचं काम दिलं राजासारख्या दिसणाऱ्या धोबीखान्यातल्या एका माणसाला. तेवढ्यात खऱ्या राजाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं आणि सोहळा लांबला. फिल्म तयार, राजा दवाखान्यात. शेवटी ऑगस्टमध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा फिल्मही लागली. राजानं ती बघितली आणि त्याला आवडली असं म्हणतात.

इथून पुढे गाडी घसरायला लागते.

चंद्रावरची सफर अमेरिकेत तुफान चालली, पण पैसे मेलिएसला मिळाले नाहीत. एडिसनच्या कंपनीसह अनेकांनी प्रती मिळवल्या, त्यांच्या नकला काढल्या आणि विकल्या. मेलिएसनं आपल्या कंपनीचं ताऱ्याचं चिन्ह थेट सेटवर रंगवायला सुरुवात केली. आज व्हिडिओच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतात, तसंच. १९०३ मध्ये भाऊ गास्ताँला न्यूयॉर्कला पाठवून ऑफिस उघडलं. थोडा आळा बसला, पण गेलेला पैसा परत आला नाही.

त्यात धंद्याचं गणितच बदललं. मेलिएस फिल्म मीटरवर मोजून जत्रेवाल्यांना विकायचा. मोठ्या कंपन्यांनी फिल्म भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ज्याच्याकडे भांडवल जास्त तो टिकणार होता, आणि मेलिएस होता हातानं पडदे रंगवणारा कारागीर.

चूक त्याचीही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९१० नंतर प्रेक्षकाला गोष्ट हवी होती, जवळून दिसणारे चेहरे हवे होते. मेलिएसचा कॅमेरा मात्र थिएटरच्या पाचव्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा एकाच जागी बसून राहिला. ज्या स्थिर कॅमेऱ्यानं त्याला जादू दिली, त्यानंच त्याला अडकवलं.

१९११ मध्ये त्यानं पाथे कंपनीकडून पैसे घेतले. तारण म्हणून राहतं घर आणि स्टुडिओ लिहून दिला. उत्तर ध्रुवावरच्या स्वारीची मोठी फिल्म काढली, राक्षसाचा अवाढव्य यांत्रिक पुतळा बनवला. चालली नाही. तिकडे गास्ताँ फिल्म काढायला ताहिती आणि न्यूझीलंडपर्यंत फिरून आला आणि बरीचशी फिल्म वाटेत खराब झाली. १९१३ मध्ये मेलिएसची बायको युजेनी गेली. त्यानंतर त्यानं फिल्म काढली नाही. तोवर पाचशेवर फिल्म काढून झाल्या होत्या.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं. कर्जाची वसुली थांबली, एवढाच काय तो दिलासा. मोठ्या स्टुडिओत जखमी सैनिकांचा दवाखाना झाला, छोट्या स्टुडिओत मेलिएस कुटुंबाला घेऊन नाटकं करू लागला. फ्रेंच सैन्यानं त्याच्या चारशेवर प्रती ताब्यात घेतल्या आणि वितळवल्या. चांदी काढून घेतली, उरलेल्या सेल्युलॉइडपासून सैनिकांच्या बुटांच्या टाचा बनवल्या. बुटाचा कारखाना विकून जादूगार झालेल्या माणसाच्या फिल्म शेवटी बुटात गेल्या.

१९२३ मध्ये पाथेनं माँत्रयचा ताबा घेतला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये रस्ता वाढवण्यासाठी त्याचं थिएटरही पाडलं गेलं. माँत्रय सोडताना मेलिएसनं मूळ निगेटिव्हचे डबे बाहेर काढले आणि जाळून टाकले. रागानं केलं, नैराश्यानं केलं, की ठेवायला जागाच नव्हती? तिन्ही खरं असावं. त्याच्या पाचशेवर फिल्मपैकी आज साधारण दोनशे उरल्या आहेत, त्याही इतरांकडे असलेल्या प्रतींमुळे. यातली एक गंमत अशी की ज्या चोरांनी त्याला बुडवलं, त्यांनी काढलेल्या नकलांनीही त्याचं काही काम वाचवलं.

१९२५ मध्ये त्यानं झेह्न दाल्सीशी लग्न केलं. तीच, १८९६ मध्ये खुर्चीवरून गायब झालेली. तिचं पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनात खेळण्यांचं आणि चॉकलेट-गोळ्यांचं छोटं दुकान होतं. साठी ओलांडलेला मेलिएस रोज तिथं बसू लागला. थंडीत, उघड्या हवेत, सुट्टी न घेता. गाड्या पकडायला पळणाऱ्या लोकांपैकी कुणाला पत्ताही नव्हता की पोरांना भोवरे विकणारा हा म्हातारा कोण.

मग एक दिवस लेऑ ड्रुओ या सिनेमाविषयक पत्रकारानं त्याला ओळखलं. लेख आले, तरुण दिग्दर्शक भेटायला येऊ लागले. एका थिएटरमालकाला जुन्या वाड्याच्या दूधघरात मेलिएसच्या फिल्मच्या प्रती सापडल्या. डिसेंबर १९२९ मध्ये पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात त्याचा मोठा सत्कार झाला. त्या रात्रीचा किस्सा असा सांगतात की आधी पडद्यावर मेलिएस दिसला, रस्ता चुकून पॅरिसमध्ये भटकताना. शेवटी त्याला स्वतःच्याच कार्यक्रमाचं पोस्टर दिसतं आणि तो त्यात उडी मारतो. दिवे लागले, कागद फाटला आणि खरा मेलिएस स्टेजवर उभा. वय अडुसष्ट.

१९३१ मध्ये त्याला फ्रान्सचा लेजिओं द'ऑनर हा सन्मान मिळाला. तो देणारा होता लुई ल्युमिएर, ज्याच्या वडिलांनी छत्तीस वर्षांपूर्वी यंत्र विकायला नकार दिला होता. पण सन्मानानं घरभाडं भागत नाही. दुकान सुटलं ते १९३२ मध्ये, जेव्हा सिनेमावाल्यांच्या संस्थेनं त्याला ओर्लीच्या निवृत्तिगृहात जागा दिली. तिथं तो, झेह्न आणि आई वारलेली लहान नात माद्लेन राहिले. २१ जानेवारी १९३८ ला कर्करोगानं तो गेला.

आता ते टोपणनाव आठवा. जेओ स्माइलसारखाच खेळ आपल्याकडेही झालाय. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करायचे, आणि जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा. त्यांनी कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित करून काही क्षणांत वेल उगवताना दाखवली आणि ती दाखवून राजा हरिश्चंद्रसाठी पैसा उभा केला. पुढे लंकादहन आणि कालियामर्दनमध्ये त्यांनी पडद्यावर चमत्कार केले. उतारवय त्यांचंही विपन्नावस्थेतच गेलं.

मेलिएसची नात माद्लेन मोठी झाली आणि तिनं आयुष्याची बरीच वर्षं आजोबांच्या फिल्म शोधण्यात घालवली. चंद्रावरच्या सफरीची हातानं रंगवलेली प्रत कायमची गेली असंच सगळे धरून चालले होते. १९९३ मध्ये ती बार्सिलोनात सापडली, पण अशा अवस्थेत की गुंडाळीचा दगड झाला होता. चिकटलेले थर एकेक करून सोडवले गेले, प्रत्येक तुकड्याचा फोटो काढला गेला आणि कॉम्प्युटरवर १३,३७५ चौकटी जुळवल्या गेल्या. मे २०११ मध्ये कान महोत्सवात ती रंगीत फिल्म लोकांना पुन्हा दिसली.